पडली भरू, पण टेम्पो नको

वडगाव, बेळगाव
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहायला बसले. बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि आई ऐकून घेत नाही, तेव्हा पत्रच बरं. बाबा, मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधे कुठं गाळू नका.

आई, तू म्हणालीस की लेकीचं कर्ज फिटलं, आता माघी पुनवेला टेम्पो करून सगळी भावकी घेऊन सौंदत्तीला जायचं, डोंगरावर चुली मांडायच्या आणि गावी परतल्यावर जेवण घालायचं. खर्चाचा आकडा तूच सांगितलास, साठ हजार. त्यातले वीस तुम्ही घालणार, उरलेले आम्ही. यल्लमाला तू नवस बोललीस ते मला माहीत आहे, माझ्यासमोरच बोललीस. पण तू बोललीस ते पडली भरायचं, म्हणजे देवीची परडी नैवेद्यानं भरायचं. टेम्पो, भावकी आणि जेवण हे नंतर चिकटलं. देवीचं देणं आहे ते देऊया. भावकीचं देणं आपण कधी काढलं होतं?

रागावू नको. आधी हिशेब सांगते, बाबांना हिशेब आवडतो.

विणकामाच्या मागाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरून सोसायटीकडून बेबाकीचा, म्हणजे काही देणं राहिलं नाही असा, दाखला घेतला. तुझ्या पाटल्या त्याच्या आधीच सुटल्या, माझ्या कपाटात आहेत. बाबा, तुमच्या शेतावर जो बोजा चढवला होता तो उतरवायचं पत्र सोसायटीनं दिलंय. ते मी आणून देते, तुम्ही तालुक्याला अर्ज करा आणि महिन्याभरानं नवी आरटीसी, म्हणजे शेताचा उतारा, काढून बघा. नुसत्या दाखल्यावर भरवसा ठेवू नका, उताऱ्यावरून बोजा गेला तरच गेला म्हणायचं. कन्नड वाचायला नातू आहेच, आठवीत असला तरी सरकारी कागद माझ्यापेक्षा तोच भराभर वाचतो.

आता हप्त्याचं. सगळं मिळून महिन्याला अकरा हजार जात होते. तुमच्या जावयांचे उद्यमबागेतल्या कारखान्यातले एकवीस हजार, मागाच्या खोलीचं आम्हाला येणारं भाडं साडेतीन आणि माझ्या ब्लाऊज-पिकोचे पाच धरले, तर अकरा जाऊन साडेअठरा उरायचे, आणि त्यात आम्ही चौघं जगत होतो. उपाशी नाही राहिलो गं आई, तू डोळ्यांत पाणी आणतेस तसं काही नव्हतं. पहिलं वर्ष कठीण गेलं, नंतर घराला सवय झाली. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय की हप्ता बंद करायचा नाही. पाच तारखेला अकरा हजार पूर्वीसारखेच घरातून जाणार, फक्त आता ते आमच्याच नावावर पडणार.

त्यातले तीन हजार पोस्टात आरडीला. बाबा, तुम्ही जन्मभर गावाची आरडीची पासबुकं भरलीत, तुम्हाला काय सांगायचं. पाच वर्षांनी 6.7 टक्क्यांप्रमाणे 2 लाख 14 हजारांच्या आसपास हातात येतात. तोवर तुमची नात डिग्रीच्या पुढं काहीतरी मागत असेल. रोजचे शंभर पिग्मीला, म्हणजे एजंट रोज दारात येऊन नेतो त्या ठेवीला. राहिलेले पाच हजार बँकेत साध्या खात्यावर. घरखर्चाचे सहा महिने, म्हणजे लाखभर, असे बाजूला पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लॉकडाऊनमध्ये माग थांबले, साड्या व्यापाऱ्याकडं पडून राहिल्या, तेव्हा आमच्याकडं दोन महिन्यांचेसुद्धा बाजूला नव्हते आणि तिथूनच तुझ्या पाटल्या बाहेर पडल्या. वडगाव-खासबागात बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. माग चांगला चालायचा तेव्हाही पैसा मागातच फिरायचा.

पिग्मीवर व्याज नावालाच मिळतं, हे बाबा लगेच म्हणतील. खरं आहे. पण एजंट दारात उभा राहतो तेव्हा शंभर निघतात, नाहीतर निघत नाहीत. पिग्मी आपल्याच राज्यातली कल्पना, बाबा. 1928 साली उडुपीला जी पुढं सिंडिकेट बँक झाली तिनं रोज दोन आण्यांपासून सुरू केली, विणकर आणि हातावर पोट असणाऱ्यांसाठीच. ती बँक 2020 ला कॅनरा बँकेत गेली, पण पिग्मीवाला अजून सायकलऐवजी स्कूटीवर फिरतोच आहे.

एक मात्र बदललं. सोसायटीत पिग्मीचे वीसेक हजार साठले की काढून बँकेत टाकते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्या ठेवीलासुद्धा. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना ते नाही. व्याज अर्धा-एक टक्का जास्त देतात म्हणून आपल्या भागात लोक सगळी पुंजी तिथं ठेवतात. बाबा, तुमची निवृत्तीची रक्कम कुठं आहे ते मला माहीत आहे. चेअरमन ओळखीचा आहे हे काही कारण नव्हे. मुदत संपली की निम्मी तरी पोस्टात हलवा. मी येऊन फॉर्म भरते.

आणखी एक गंमत. कर्ज फिटल्यापासून कर्ज देणाऱ्यांचे फोन वाढलेत. ‘मॅडम, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, एक लाख लगेच मिळेल, फक्त 12 टक्के.’ मी विचारते फ्लॅट का? मग पलीकडून आवाज बारीक होतो. बाबा, तुम्ही वहीत मांडून बघा. एक लाख, तीन वर्षं, 12 टक्के फ्लॅट म्हणजे 36 हजार व्याज, कारण फेडलेल्या मुद्दलावरसुद्धा शेवटपर्यंत व्याज चालूच राहतं. तेच 12 टक्के उरलेल्या रकमेवर लावले तर व्याज साडेएकोणीस हजारांच्या पुढं फारसं जात नाही. माझ्या शेजारच्या काकींनी महिलांच्या गटातून असंच घेतलंय. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात बसतात. वसुलीचा जाच इतका वाढला की राज्य सरकारला 2025 मध्ये त्यावर वटहुकूम काढावा लागला. मी काकींना हे आधी सांगितलं होतं की नाही ते विचारू नका, पण आता रोज संध्याकाळी त्या माझ्याकडं हिशेब लिहायला येतात.

घरात कसं चालवतो ते आई नेहमी विचारते, म्हणून थोडं सांगते. विजेचं बिल जवळजवळ नाही. गृहज्योतीत, म्हणजे राज्य सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, आमची जुनी सरासरी आणि वर 10 टक्के एवढे युनिट फुकट. त्यापुढं गेलं तर वरच्या युनिटचेच पैसे, पण 200 ओलांडले की सगळ्याच बिलाचे. म्हणून उन्हाळ्यात मीटरवर लक्ष असतं, शिलाईच्या मोटरीपेक्षा तुमच्या नातीची इस्त्री जास्त खाते. गृहलक्ष्मीचे दोन हजार माझ्या खात्यावर येतात, पण ते मी हिशेबात धरतच नाही. सरकारचं आहे, आज आहे उद्या नसेल. ते नातीच्या नावावर वेगळे पडतात.

भाजी शनिवारच्या बाजारात, तीही दिवे लागल्यावर. इथला माल गोव्याला जातो हे तुम्हाला माहीतच आहे. चवथीच्या आणि नाताळच्या आधी आमच्याकडं टोमॅटोला हात लावायची सोय नसते आणि पावसाळ्यात चोर्ल्याचा रस्ता अडला की तीच भाजी इथं पडून राहते. तेव्हा मी पिशव्या भरून आणते आणि जावई म्हणतात, आता आठवडाभर दोडका. वर्षाची चटणी यंदा चार घरं मिळून केली. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, सगळा मसाला एकदम आणला आणि डंकावर एकदमच कुटून घेतली. तयार पाकिटापेक्षा किती वाचले ते मी मोजलं नाही. चवीसाठीसुद्धा केली असती.

काटकसर नको तिथं करायची नाही हेही ठरवलंय. दूध कमी केलेलं नाही. पोराचा चष्मा चांगला घेतला. जावयांना पायात लोखंडी टोपीचे बूट घेतले, कारखान्यात घसरून कुणाचं बोट गेलं तर वाचवलेलं सगळं एका दिवसात दवाखान्यात जातं.

हातातल्या खर्चात बाबांच्या गोळ्या आहेत, ते आमच्याकडं राहू दे. तुम्ही डॉक्टरांकडून कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव लिहून आणा. एम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं काय असेल ते. जनऔषधी दुकानात तीच औषधं निम्म्याहून कमी पैशात मिळतात, मी इथून तीन महिन्यांच्या पाठवत जाईन. वीस हजार देवीच्या नावावर खर्चायला तयार आहात आणि गोळ्या दिवसाआड घेता, हे मला भावजयीनं सांगितलंय. तिच्यावर ओरडू नका.

आणि आई, इंद्रायणीच्या पोत्यात नोटा घालणं बंद कर. मागच्या खेपेला पोतं तसंच ओतलं आणि पाचशेची नोट पिठाच्या गिरणीवाल्यानं आणून दिली, कारण तांदूळ दळायला गेला होता. तो माणूस सरळ निघाला. पुढचा निघेल असं नाही. तांदूळ मात्र पाठव. रेशनचा आम्ही डोशाला वापरतो, भाताला तुझाच लागतो.

आता सौंदत्तीचं. पुनवेला नको. त्या दिवशी डोंगराखालच्या जोगुळभावीपासून वर पाय ठेवायला जागा नसते आणि बाबांचे गुडघे तुला माहीत आहेत. पुनवेनंतरच्या शुक्रवारी जाऊ, वार देवीचाच आहे. सरकारी बसनं जाऊ. तू, मी, तुझी नात आणि भावजय, चौघींना राज्यातल्या बायका म्हणून तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं घे, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडतो. बाबांना साठीच्या वरचे म्हणून चौथा हिस्सा सूट मिळते. पूर्ण पैसे जावयांचे आणि भावाचे, पोराचं अर्धं आहे का ते विचारते. एवढ्यात जाणं-येणं होतं.

चंदगडच्या आत्याला बोलवायचंच असेल तर बोलव, तिच्याशिवाय तुझं मन भरणार नाही. तिचं आधार महाराष्ट्राचं, आपल्या बसमध्ये तिला पूर्ण तिकीट. मागच्या वर्षी ती कंडक्टरशी भांडली होती, ‘मी हिचीच नणंद आहे, हिला फुकट आणि मला का नाही?’ तिकडं एसटीत बायकांना अर्धं आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. एकाच घरातल्या दोन बायका एकाच बाकावर बसून वेगवेगळं तिकीट काढतात, हे बाबांच्या सीमाप्रश्नात कुणी घातलेलं नाही. तिचे पैसे मी देईन, तिला आधीच सांगून ठेव म्हणजे भांडण नको.

पुरण आणि कडबू मी इथून करून आणते, गुळाचं असल्यामुळं टिकतं. तू वांगी आणि भाकरीचं पीठ आण. भात तिथंच शिजवू, स्टोव्ह भाऊ घेईल. पडली भरायची, जोगतिणींना वाढायचं, आपण नऊ-दहा जणांनी तिथं जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सगळं मिळून चार हजारांच्या आत बसतं, मी मांडून बघितलंय. ते चार हजार आमचे. तुमचे वीस तुमच्याकडंच राहू देत, त्यातून बाबांचं कानाचं यंत्र बघू. कानाच्या डॉक्टरांकडं तपासणी आधी करायची, यंत्र नंतर. जाहिरात बघून मागवायचं नाही.

भावकीतल्या कुणी विचारलं, तर सांग की लेक कंजूस आहे. मला चालतं. बाबांना चालेल का ते त्यांनाच विचार.

पाटल्या त्या दिवशी घालू नकोस, गर्दीत नको. त्या मी आधीच्या रविवारी गावी येऊन देते, तेव्हाच सोसायटीचं पत्रही आणते. जावयांची शुक्रवारची सुट्टी अजून मंजूर व्हायची आहे. ती मिळाली नाही तर पुढचा मंगळवार धरू. बुधवारपर्यंत भावाच्या फोनवर कळवते.

तुमची
थोरली