शुभे, ती टॉर्च आठवते?

प्रिय शुभे,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझ्या शेवटच्या पत्राला आठ महिने झाले. मी दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोनदा उठले. पहिल्यांदा खरंच काम निघालं होतं, दुसऱ्यांदा नव्हतं. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत, झालं. परवा तालमीत जे घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. आमच्या ह्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "मग लाईट लावायचे ना!"

आमच्या कलाकेंद्रात वर्षभराची नाट्यशाळा चालू आहे. अकरा बहिरे कलाकार आणि ऐकू येणारे चार. (समितीच्या कागदावर 'कर्णबधिर' आहे. या कलाकारांतली रेखा स्वतःला 'बहिरी' म्हणते, तेही छाती काढून. 'मूकबधिर' म्हणणाऱ्याला मात्र ती फाडून खाते, "मुकी कोण? मी तर दिवसभर बोलते.") तर शनिवारची तालीम. दोन बहिणी रात्री अंथरुणावर पडून भांडतात, असा प्रवेश. बहीण अर्ध्या वाक्यात असताना मी इतक्या वर्षांच्या सवयीनं खालून ओरडले, "ब्लॅकआउट!" दिव्यांवरच्या पोरानं इमानेइतबारे सगळं बंद केलं. मला हवा तसा काळोख झाला, मी खूश. मग लक्षात आलं की भांडण थांबलंय. थांबलंय कसलं, मीच बंद पाडलंय.

दहाएक सेकंद काहीच नाही. मग रंगमंचावर एवढासा उजेड लागला. रेखानं डाव्या हातात मोबाईल धरला होता. त्याचा झोत स्वतःच्या उजव्या हातावर आणि अर्ध्या चेहऱ्यावर पाडून तिनं ते अडलेलं वाक्य एका हातानं पूर्ण केलं. मागच्या पडद्यावर तिच्या बोटांची सावली पुरुषभर उंच झाली होती. वाक्य संपलं आणि तिनं तो झोत थेट माझ्या तोंडावर मारला.

शुभे, मला तुमची मागची खोली दिसली गं. पांघरुणाचा तंबू, आत तू, मी आणि तुझा बहिरा दादा. नऊला दिवे बंद, हा तुझ्या आईचा नियम. आपण दोघी कुजबुजायचो, दादाला कुजबुजता कुठे यायचं? म्हणून त्यानं टॉर्च पळवली होती. सेल मरायला लागले की तो ती तळहातावर आपटायचा आणि राहिलेल्या पिवळ्या उजेडात घाईघाईनं गोष्ट संपवायचा. अंधारात त्याचं तोंड बंद होतं, हे मला नवव्या वर्षी माहीत होतं. एकावन्नाव्या वर्षी विसरले.

रेखा नंतर मला एवढंच म्हणाली, "तू आमचे हात बघून नाटक बसवत नाहीस. डोक्यातलं ऐकून बसवतेस." खरंय. पहिल्या महिन्यात मी एकीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, दुसरीच्या हातात चादरीची घडी, आणि वर विचारलं, संवाद का म्हणत नाही? दोन्ही हात भरलेले असताना बोलायचं म्हणजे तोंडात घास कोंबून स्वगत म्हणायचं. आता आम्ही हातातल्या वस्तू आधी ठरवतो, संवाद मागाहून. पण मजा बघ, यमकसुद्धा असतं त्यांच्यात! एक पोरगा कविता करतो, तिच्यात पंजाचा एकच आकार सगळ्या ओळीत फिरत राहतो. त्याचाच पक्षी, त्याचंच पान, त्याचाच थेंब. मी त्याचं मराठी करायला बसले आणि तासाभरानं वही मिटली.

खरं दुखणं पुढेच आहे. गेल्या महिन्यात समितीची बैठक झाली. आम्ही नऊ जण, नवांनाही ऐकू येतं. रेखाला 'दहा मिनिटं' बोलावलं होतं. छोटीशी तर बैठक, म्हणून दुभाषी नाही, मीच सांभाळून घेणार. मी! जिला दादा म्हणायचा, हिच्या भुवया बहिऱ्या आहेत. खुणांच्या वाक्यात 'काय', 'कुठे', 'का' शेवटी येतात आणि निम्मा प्रश्न तर भुवयाच विचारतात. माझ्या भुवया तेव्हाही हलायच्या नाहीत, आता तर वयानं जड झाल्यात.

अध्यक्ष सुरू झाले. सतीश गुजराल बघा, लहानपणीच ऐकू येणं गेलं, तरी केवढे चित्रकार, दिल्लीतला बेल्जियमचा दूतावास त्यांनी उभारला, बहिरेपण असूनही! हे मी सांगितलं, तर रेखानं शांतपणे विचारलं, "का, ब्रश कानात धरतात?" हे काही मी उलट भाषांतर करून सांगितलं नाही. मग खजिनदार: दोन दुभाषी कशाला, एकावर भागवा. वीसएक मिनिटं सलग खुणा केल्या की दुभाष्याची मनगटं आणि डोकं दोन्ही थकतात, अर्थ गळायला लागतो, म्हणून आलटून पालटून दोघं लागतात. मला हे पाठ आहे. मी बोलले नाही. मग नवी टूम निघाली. २३ सप्टेंबरला जागतिक सांकेतिक भाषा दिन असतो, तेव्हा नाटकाऐवजी ऐकू येणाऱ्या मुलांचं समूहगान ठेवू, पांढरे हातमोजे घालून खुणा करतील, पाहुणे खूश होतील. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये आलाच आहे, त्यातून पाठ करून घेऊ. म्हणजे मराठी गाण्याच्या शब्दाला शब्द चिकटवायचा. तुला आठवतं ना, दादा असल्या खुणांना काय म्हणायचा? तेच.

हे सगळं चाललं होतं चार-पाच मिनिटं, आणि मी रेखाला सांगितलं चार खुणांत. तिनं विचारलं, "एवढंच बोलले?" आणि माझ्या हातांनी काय उत्तर दिलं माहितीये? "नंतर सांगते."

तुमच्या जेवणाच्या टेबलावर आपण दादाला दिवसातून किती वेळा हे म्हणालो असू? सगळे हसतायत, तो एकेकाचं तोंड बघतोय, आणि आपण, नंतर सांगते. नंतर कधी सांगितलं ते आठव. मी आठवून पाहिलं.

पहिल्या दिवशी रेखानं फळ्यावर ठिपके काढले होते. १८८० साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली, तिथे ठरलं की शाळेत खुणा नकोत, फक्त ओठ वाचायचे आणि बोलायला शिकायचं. प्रतिनिधी १६४. तिनं १६३ ठिपके पांढऱ्या खडूनं काढले, एकेक करून, आम्हाला कंटाळा येईपर्यंत. शेवटचा एक लाल. तेवढा एक बहिरा होता. आणि २०१० साली व्हँकुव्हरला त्याच परिषदेच्या पुढच्या पिढीनं ते ठराव नाकारले, खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी. दादाच्या हातावर पट्टी मारणाऱ्या त्या बाईंना कुणी कळवलं असेल का, कोण जाणे. बैठकीत मी मनातल्या मनात आमचे नऊ ठिपके काढत बसले होते. ठिपके काढायला काय जातं!

आता मुद्दा. नाटक रेखाचं आहे. कागदावर 'दिग्दर्शिका' मी आणि ती 'सहाय्यक', कारण अर्ज मी लिहिला आणि पैसे देणाऱ्यांना फोनवर बोलणारं माणूस लागतं. माझं नाव काढून तिचं घातलं पाहिजे, हे मला जूनपासून कळतंय. हात होत नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटतो. ती तालीम घेते तेव्हा पोरं एकमेकांच्या हातांकडे अशी बघतात, तशी माझ्याकडे कधीच कुणी बघितलं नाही. तू म्हणशील, ढाल मिळवणाऱ्या बाईला अजून काय हवं.

हो, ती ढाल. काढायचीच होती ना कधीतरी? एकांकिकेत मी मुकी झाले, अडीच मिनिटं हवेत वाट्टेल तसे हात उडवले, प्रेक्षक लोळले, अभिनयाचं पहिलं बक्षीस. दादा तिसऱ्या रांगेतून उठून गेला. तू विंगेत येऊन म्हणालीस, "तू माझ्या घरची भाषा नाचवलीस." मी म्हणाले, अगं अभिनय आहे तो. सहा महिने अबोला! मी तेव्हा तुलाच हळवी ठरवलं होतं, सगळ्यांकडे. ढाल अजून माळ्यावर आहे. एक कोपरा उंदरानं खाल्लाय, तुला बरं वाटावं म्हणून सांगते.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. शनिवारी तालीम संपल्यावर सगळे गोल बसले होते, एका नव्या मुलीला नावाची खूण द्यायची होती. ही खूण आपली आपण घेता येत नाही, बहिऱ्यांनी द्यावी लागते. मी ऐटीत माझी दाखवली, दादानं दिलेली. कपाळावरून बोटं खाली, डोळ्यांपुढून. माझी ती बट सारखी डोळ्यांवर यायची म्हणून दिलेली, असंच मी तीस वर्षं धरून चालले होते. नेपथ्य करणारे सुतारकाका दादाच्याच शाळेतले निघाले. त्यांनी विचारलं, कुणी दिली? मी दादाचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, ही बट नाही बाई, हा पडदा आहे. हिला आम्ही म्हणतो, 'बघत नाही ती'.

रेखा हसली नाही. तिनं फक्त मोबाईलची टॉर्च एकदा लावून बंद केली.

तर शुभे, मला एवढंच सांग. ही खूण मला तू दाखवलीस, आपला अबोला संपला तेव्हा. "दादानं तुझं नाव ठेवलंय" म्हणालीस. त्यानं नाव ठेवलं होतं की नावं ठेवली होती? एकांकिकेच्या आधी दिली की नंतर? आणि तुला अर्थ ठाऊक होता का? ठाऊक असून तीस वर्षं गप्प बसली असशील, तर शाबास, आपली फिट्टंफाट.

तुझं काय चाललंय ते मी विचारतच नाहीये, कळतंय मला. बदलीचं झालं का? धाकटीच्या निकालाचं ऐकलं, तिला माझ्याकडून पाठीत धपाटा घाल. घराचं काम संपलं असेल तर फोटो पाठव.

बुधवारी परत बैठक आहे. दोन दुभाषी आधीच सांगून ठेवलेत, माझ्या पैशांनी, खजिनदाराला नंतर सांगते. (हे 'नंतर सांगते' मात्र चालेल.) नाव बदलायचा कागद पिशवीत आहे, सही केलेली नाही.

दादाला विचार, येईल का प्रयोगाला. मी विचारलं तर नाही म्हणेल. त्याला सांग, दुभाषी डाव्या अंगाला असतील, म्हणून डावीकडच्या पहिल्या तीन रांगा राखल्यात. दिवे पूर्ण घालवणार नाही. तिसरी रांग नको असेल तर पहिलीत बसव.

तुझी,
कुंदा

ता. क. टाळ्या वाजवू नकोस हं, सवयीनं वाजवशील. दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. तुला काय सांगायचं म्हणा, मला तूच शिकवलंस.