पुरळ मावळले म्हणजे गोवर संपला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोवराविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लसीचे महत्त्व त्यात नीट आले आहे, पण मूल आजारी पडलेच तर काय करायचे ते ‘विश्रांती आणि भरपूर पाणी’ एवढ्यावर भागवले आहे. मुलांच्या वॉर्डात उभी नोकरी काढलेल्या परिचारिकेला हे खटकणारच.

पुरळ डोळ्यांत भरते, म्हणून घरचे सगळे त्यालाच धरून बसतात. ते आपोआप मावळते. मूल दगावते ते बहुधा न्यूमोनियाने. म्हणून आम्ही श्वास मोजायचो, मूल शांत असताना, घड्याळ समोर धरून, पूर्ण एक मिनिट. (रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजण्याची चूक नव्या मुली हमखास करीत. मीही केली आहे.) 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा अधिक, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, की तडक दवाखाना गाठावा. झटके आले, मूल पाणीही पिईना किंवा गुंगीत राहू लागले, तरी तेच.

उजेड सोसत नाही म्हणून पडदे ओढावेत, खिडक्या मात्र उघड्याच ठेवाव्यात. हा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावीत, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. डोळे वाचवणारे ‘अ’ जीवनसत्त्व लागोपाठ दोन दिवस द्यायचे असते, वर्षावरील मुलाला दर वेळी 2 लाख युनिट, लहानांना त्याहून कमी. ते मनाने देऊ नये. पण डॉक्टरांना विचारायला विसरूही नये, कारण दुसऱ्या दिवशीचा डोस फार जणांचा राहून जातो.

पुरळ उठल्यापासून 4 दिवस मूल वेगळे ठेवावे. जवळ बसणाऱ्याला गोवर होऊन गेलेला असावा किंवा त्याचे लसीचे दोन्ही डोस झालेले असावेत. गर्भवतीने तर त्या खोलीत जाऊच नये.

खरी ढिलाई होते ती नंतर. ताप उतरतो, घरचे सुस्कारा सोडतात आणि नेमके तेव्हाच जुलाब लागतात, कान वाहू लागतो. गोवर आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे काही आठवडे मुलाला एक वेळ जास्त भरवावे आणि शाळेची घाई करू नये.

श्वास मोजण्याचे हे आकडे पुढच्या अंकात चौकटीत छापता आले तर पाहावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका