खिरापतीतले बेदाणे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले आहेत, म्हणून गेल्या वर्षीची गोष्ट आताच कळवते.

आरती झाली आणि पंचखाद्याची वाटी पाटाशीच राहिली. आमच्याकडे खिरापतीत सासूबाईंच्या वेळेपासून बेदाणेही घालतात. आम्ही सगळे दारात पाहुण्यांना निरोप देत होतो, तेवढ्यात बाळ्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. अकरा किलोचा कुत्रा आणि चांगले मूठभर बेदाणे. मला वाटलं, प्रसादच तर खाल्ला. सून मात्र घाबरली. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात, हे तिला ठाऊक होतं.

कुणी म्हणालं तूप चाटवा, कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा. मी पेल्यात मीठ कालवलंसुद्धा. नेहमीचा दवाखाना सणामुळे बंद. दुसऱ्या डॉक्टरांनी फोन उचलला आणि पहिल्यांदा तो पेला ओतून टाकायला लावला. जास्त मिठानं रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवही जातो. मग विचारलं: काय खाल्लं, किती, कधी, वजन किती? आरतीमुळे वेळ तरी नक्की सांगता आली, आठ वीस.

नऊच्या आत आम्ही पोहोचलो. इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत बाळ्यानं वर्तमानपत्रावर उलटी केली. टम्म फुगलेले बेदाणे मी काडीनं एकेक मोजले, एकतीस निघाले. पुढे दोन दिवस सलाईन आणि मूत्रपिंडं नीट चालताहेत का हे सांगणारी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी. बाळ्या वाचला.

डॉक्टरांचं एक वाक्य मी विसरत नाही: “तो हसताखेळता असतानाच आणलात, म्हणून जमलं.” किती बेदाणे चालतात याचा हिशेब नाही. एखाद्या कुत्र्याला थोडेही बाधतात, आणि लघवी कमी होईपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. त्यातलं टार्टरिक आम्ल याला कारण असावं असं आता मानतात, म्हणून चिंचेपासूनही जपायचं. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पण ते कळायला तीन-चार दिवसही जातात. चॉकलेट जितकं गडद तितकं वाईट. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये गोडीसाठी घालतात त्या झायलिटॉलनं तर अर्ध्या तासातही रक्तातली साखर उतरते. आणि घरी उलटी करवू नये. ॲसिड किंवा रॉकेल प्यायलेल्या, गुंगीत असलेल्या कुत्र्याला उलटीनंच जास्त अपाय होतो.

माझी विनंती एवढीच. गणपतीत आणि दिवाळीत रात्री उघडे असणारे इंदूरचे प्राण्यांचे दवाखाने, त्यांच्या फोन नंबरांसह, आपण आधीच्या रविवारी छापावेत. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या एखाद्या प्राध्यापकांकडून सणाच्या पदार्थांवर चार ओळी लिहून घ्याव्यात. त्या रात्री नंबर शोधण्यात आमची वीस मिनिटं गेली.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर