पैसे देऊन खेळाचं कोण वाचणार?

नागपूर

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पैसे देऊन खेळाच्या बातम्या कोन वाचन बाप्पा?" आणि मागून आईने पीएफचं विचारलं. दोन्ही प्रश्नांना फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. पेपरमधली नोकरी मी सोडते आहे हे पक्कं आहे. आम्ही चौघं मिळून विदर्भातल्या खेळांची मराठी वेबसाइट काढतोय. ती जाहिरातींवर नाही, वाचकांच्या वर्गणीवर चालेल.

बाबा, तुमची शंका रास्त आहे. स्कोअर फुकट मिळतो, मॅचच्या क्लिप फुकट मिळतात. पण पेपरची तरी पूर्ण किंमत आपण कधी दिली? तुमच्या महिन्याच्या बिलातून कागद-छपाईचासुद्धा पूर्ण खर्च निघत नाही, उरलेलं जाहिराती भरायच्या. त्यातल्या बऱ्याच जाहिराती गूगल-फेसबुककडे वळल्या आणि खेळाचं पान आक्रसत गेलं. जिल्हास्तरीय खो-खोच्या निकालाला चार ओळी, त्याही जागा उरली तर. संघातल्या मुलींची नावं कापायची असतील तर कापणारी मीच असते, कारण रात्री पान मी लावते. हे काम आता माझ्याच्यानं होत नाही.

परदेशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाय. 'द ॲथलेटिक' हे खेळाच्या बातम्यांचं संकेतस्थळ 2016 मध्ये अमेरिकेत निघालं. गुंतवणूकदारांचा भरपूर पैसा, शहराशहरांत नावाजलेले बातमीदार, एकही जाहिरात नाही. वर्गणीदार दहा लाखांवर गेले, तरी तोटा होताच. 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते 55 कोटी डॉलरला घेतलं. पुढच्याच वर्षी टाइम्सने स्वतःचा क्रीडा विभाग बंद केला आणि ते काम 'द ॲथलेटिक'कडे दिलं. नफ्याची पहिली तिमाही दिसायला 2024 उजाडलं, आणि तोवर तिथे जाहिरातीही आल्या होत्या. शिवाय टाइम्स हे सगळं एकत्र विकतं: बातम्या, शब्दखेळ, पाककृती आणि सोबत खेळ. तुम्हीसुद्धा पेपर उघडता तो आधी शब्दकोड्यासाठीच ना?

मला धीर देणारं उदाहरण वेगळं आहे. अमेरिकेतल्याच 'डेडस्पिन' या खेळाच्या साइटवर मालकांनी फरमान काढलं की फक्त खेळाबद्दल लिहा. 2019 मध्ये तिथल्या सगळ्या लेखक-संपादकांनी राजीनामे दिले आणि पुढच्या वर्षी 'डिफेक्टर' सुरू केलं. इथे लिहिणारेच मालक आहेत. पहिल्याच वर्षी सुमारे 32 लाख डॉलर जमले, बहुतेक सगळे वर्गणीतून. ते टिकून आहेत, कारण दरवर्षी दुप्पट व्हा म्हणून मागे लागणारा कोणी नाही. माझं मत असं झालंय की वर्गणीवर खेळाची पत्रकारिता जगू शकते, पण लहान राहून. वाढण्याची घाई केली की ती मरते किंवा विकली जाते.

आता आमचा हिशेब. वर्गणी वर्षाला 999 रुपये. दोन हजार वर्गणीदार झाले तर वीस लाखांच्या आसपास जमतात. त्यात चौघांचे माफक पगार, एसटीची भाडी आणि सर्व्हरचा खर्च निघतो. ॲप काढणार नाही, कारण ॲपमधून विकलं की गूगल आणि ॲपल 15 ते 30 टक्के कापून घेतात. वर्गणी महिन्याची नाही, वर्षाची ठेवलीय. आयपीएल संपलं की महिन्याचे वर्गणीदार गळतात, आणि 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून परस्पर पैसे कापणंही पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. आई, माझा पीएफ मी काढणार नाही आणि घरून पैसेही मागणार नाही.

पण वाचायला देणार काय, हा खरा प्रश्न. 2025 च्या रणजी फायनलला मी जामठ्याच्या मैदानावर होते. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर सीमारेषेजवळ झेल देऊन बाद झाला. विदर्भाला पहिल्या डावात 37 धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित राहिला आणि त्या 37 धावांवर आपण तिसऱ्यांदा रणजी जिंकली. स्कोअरकार्डात ती फक्त एक विकेट आहे. तो फटका त्याने का मारला, गोलंदाज पार्थ रेखडेने त्याआधीचे चेंडू कुठे टाकले, हे मला सविस्तर लिहायचं होतं. जागा नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये आपली दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. फोटो सगळीकडे होते. पण काळ्या मोहऱ्यांनी तो शेवटचा डाव तिने कसा काढला, हे घरातल्या बुद्धिबळ शिकणाऱ्या पोराला कळेल अशा मराठीत मला कुठे सापडलं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब दाखवला होता. तिथे आज कोण घडतंय, हे कोणी जाऊन बघत नाही.

आणि बाबा, कोण वाचणार म्हणता, तर तुम्हीच. संदीप पाटील संपादक होते त्या 'एकच षटकार' या क्रीडा नियतकालिकाचे अंक तुमच्या लोखंडी कपाटात अजून आहेत. पगार बेताचा असतानाही तुम्ही ते विकत घेतलेत. त्यात स्कोअर शिळाच असायचा, तो तुम्हाला रेडिओवर आधीच कळलेला असे. तरी घ्यायचात. तुमच्यासारखे दोन हजार जण विदर्भात आणि विदर्भाबाहेर गेलेल्यांत मिळतील, असं मला मनापासून वाटतं. दोन वर्षांत नाही मिळाले तर दुसरी नोकरी शोधेन, तेवढी शिल्लक बाजूला ठेवलीय.

सुरू झालं की तुमची वर्गणी भरा, यूपीआयने. फुकट देणार नाही, कारण पैसे दिलेला माणूस हक्काने चुका दाखवतो आणि मला तुमच्याकडून तेच हवंय. वर्ष संपल्यावर पुन्हा भरायची की नाही, ते मी मुलगी आहे म्हणून नका ठरवू, वाचून ठरवा.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या, टाळू नका. दसऱ्याला येतेच.

तुमची,
मीनू