किडनीच्या पेशंटला नुसतं "आराम करा" सांगू नका

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर किडनीबद्दल जे जे येतं त्याची मी कात्रणं ठेवते, पण सगळीकडे मीठ कमी करा, डाळ मोजून खा, भाजी उकळून पाणी टाकून द्या एवढंच असतं. चालण्याबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून हे लिहितेय.

आमचे मिस्टर 58 वर्षांचे, किराणा दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसून. दोन वर्षांपूर्वी शुगर-बीपीमुळे किडनीवर परिणाम झालाय असं कळलं. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) 2.1, जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) 36, म्हणजे किडनीच्या आजाराची पाचातली तिसरी स्टेज. हॉस्पिटलच्या फाईलमध्ये डाएटची दोन पानं आणि खाली "दगदग टाळा, आराम करा". मग काय, घरात सगळ्यांनी तेच धरलं, शटर मुलगा उचलणार, पाणी मी हातात नेऊन देणार, नातेवाईक पण फोनवर तेच, त्यांना दमवू नका. आठ महिन्यात वजन 87 चं 94 झालं आणि माडीवर जायच्या 18 पायऱ्या चढताना मध्येच कठडा धरून उभे राहायला लागले. आम्हाला वाटायचं किडनी अजून बिघडली. बसून बसून अंगातली ताकद चाललीय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिलंच विचारलं, रोज चालता किती? ईसीजी, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) करून घेतलं, तळपाय बघितले आणि गोळ्यांच्या खाली चिठ्ठीवरच लिहून दिलं, आठवड्यातून 5 दिवस चालणं, सुरुवात 10 मिनिटांनी, आणि वेग असा की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत गेले आणि ओट्यावर बसले, शर्ट घामाने भिजलेला. आठवड्याला 5-5 मिनिटं वाढवत आता 40 मिनिटं चालतात, आमच्या सोलापूरचं ऊन म्हणून पहाटेच.

खरं ते सांगते, क्रिएटिनिन आहे तिथेच आहे आणि वजन फक्त 3 किलो उतरलंय. पण पट्ट्याचं एक भोक आत गेलं, बीपीची एक गोळी कमी झाली, झोप लागते आणि पायऱ्या न थांबता चढतात. किडनीच्या पेशंटला हार्टचा धोकाच मोठा असतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने हे क्रिएटिनिनइतकंच महत्त्वाचं आहे. ब्राझीलमध्ये वजन जास्त असलेल्या अशाच पेशंटवर अभ्यास झाला, काही जणांना सेंटरवर व्यायाम दिला, काहींना घरच्या घरी, आणि दोघांचीही ताकद वाढली, म्हणजे जिमला पैसे भरायलाच हवेत असं नाही. किडनीच्या 2024 च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये पण आठवड्याला निदान 150 मिनिटं, किंवा ज्याला जेवढं झेपेल तेवढा व्यायाम सांगितलाय. मग तो आपल्याकडच्या चिठ्ठीवर का येत नाही?

आणि चालायला लागल्यावर काय टाळायचं तेही कुणीतरी सांगायला हवं. गुडघे दुखले की माणूस मेडिकलमधून पेनकिलर आणतो, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला घातक. बागेच्या बाहेर नारळपाणी, दुधी-पालकाचे ज्यूस मिळतात, तब्येतीला चांगलं म्हणून लोक रोज पितात, पण ज्यांचं पोटॅशियम वाढतं त्यांना ते चालत नाही. आमचे हे आठवडाभर रोज नारळपाणी पीत होते, मला पत्ताच नव्हता, रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढून 5.8 आलं तेव्हा कळलं. ज्यांना इन्शुलिन चालू आहे त्यांनी खिशात साखर ठेवावी, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावं.

एवढीच विनंती आहे की एखाद्या रविवारी किडनीच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्या. आणि डॉक्टर मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी "थोडं फिरत जा" असं मोघम सांगू नये, किती मिनिटं ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. आमच्याकडे ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, ती बघूनच हे बूट घालतात.

आपली एक वाचक,
सोलापूर