सहा नंबरचा विषय

पुणे, १६ सप्टेंबर २०२५
मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

प्रिय दिल्या,

अक्षराला हसू नकोस. गाडीत बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितोय. तुला शेवटचा फोन केला तो संक्रांतीला, त्यानंतर तुझे तीन मिस्ड कॉल आणि माझा एक अंगठा. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी हे वाच. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच काहीतरी फेकलं असतंस, मी हसलो असतो आणि विषय तिथंच मेला असता. आपलं तसंच होतं दर वेळी.

तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच आहे. आईचा गुडघा, तेच.

कुठं बसलोय सांगू? कात्रजच्या पुढं हायवेला एक चार्जिंग स्टेशन आहे, तिथं. समोर भेळेची बंद गाडी, एक कुत्रं आणि मी. आठवड्यातून दोनदा माझी ही वारी असते. ही म्हणते, गाडी घेतलीस का घोडा पाळलास? रोज आपली चाऱ्याची काळजी. गाडी घेताना तू सांगितलं होतंस, "सुऱ्या, गाडी नंतर, आधी खुंटी कुठाय ते बघ." तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो ते आठवतंय. 'वाइंडिंगवाल्यांनी वाइंडिंग करावं' हे वाक्य मी या पत्राने मागे घेतो. २०२२ साली ऑफिसात फुकट चार्जिंग होतं म्हणून घेतली रे. दीड वर्षात ऑफिसनं जागा सोडली, ते गेले खराडीला एका काचेच्या इमारतीत. तिथं कॉफी सतरा प्रकारची, पण बेसमेंटमध्ये एक प्लग नाही.

राहिली सोसायटी. इमारत १९९८ची. नव्या इमारतींना पार्किंगच्या वीस टक्के जागी चार्जिंगची सोय ठेवा असं केंद्रानं २०१९मध्ये नमुना नियमांत घातलं, पण आमच्या बिल्डरला १९९८ साली ते स्वप्नात पडलं नव्हतं. माझा मीटर ए विंगच्या मीटर रूममध्ये, पार्किंग सी विंगखाली. मधे बावीस मीटरचं अंतर. तेवढी वायर भिंतीवरून पाइपात ओढायची, माझ्याच मीटरवरून, बिल माझं, खर्च माझा. तू म्हणालास चार स्क्वेअर एमएमची नको, जाड, सहाची ओढ, तर सहाची. एवढ्यासाठी दोन वर्षं एनओसी मागतोय. घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते असं केंद्राच्या जानेवारी २०२२च्या सूचनांत स्वच्छ लिहिलंय. त्याची प्रिंट दिली तर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हे दिल्लीचं झालं. आपले बायलॉज बघावे लागतील." बायलॉज कुठायत ते कोणालाच माहीत नाही.

चेअरमनकाकांना आगीची भीती. त्या २०२२च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ फिरत होते ना, त्यातला एक पुण्यातलाच, तो त्यांच्या फोनमध्ये अजून आहे. माझ्या आधी स्वतःची गॅसची नळी बदला म्हणावं, पण बोलता येत नाही, पंचाहत्तरीचे आहेत. खजिनदारांना लोडची चिंता. त्यांना समजावलं की माझा चार्जर सव्वातीन किलोवॅट खातो, तुमच्या दोन बाथरूमचे दोन गीझर मिळून चार खातात. सकाळी साडेसहाला अख्ख्या सोसायटीचे गीझर चालू असतात तेव्हा कुणी एनओसी मागतं का? तर म्हणाले, "गीझर अंघोळीला लागतो."

याला काय उत्तर देणार?

तर आता मूळ गोष्ट. गेल्या बुधवारची.

गुरुवारी सकाळी आईला घेऊन साताऱ्याला जायचं होतं, अण्णांचं श्राद्ध. रात्री इथंच आलो होतो. ॲपवर हिरवा ठिपका, प्रत्यक्षात चार्जरची गन मेलेली. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर पुढं तीन टॅक्स्या. घरी पोचलो तेव्हा गाडीत सहा टक्के आणि डोक्यात तेवढंही नाही. गेटवर मामा होते. मामा म्हणजे आमचे वॉचमन, मुखेडकडचे. पंपरूममध्ये सोळा अँपियरचा एक सॉकेट आहे, सोसायटीच्या मीटरवरचा, गणपतीत मांडवाला घेतात तो. मी नुसतं तिकडं बघितलं तर मामाच म्हणाले, "लावा साहेब, रातच्याला कोण बघायलंय." लावलं. साडेअकरा वाजले होते.

तू एकदा सांगितलेलं मला पाठ आहे. गीझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, गाडी रात्रभर ओढते, स्क्रू ढिला असला की तिथंच गरम होणार. पाठ असून लावलं.

साडेचारला गुपचूप काढायला उतरलो. पंपरूमच्या दारातच तो वास, दिल्या. जळक्या बॅकेलाइटचा. प्लग हातात धरवेना. सॉकेटचं एक भोक वितळून लांबट झालं होतं, खालची भिंत करड्या पट्ट्यासारखी काळवंडलेली. चार्जरचा दिवा बंद, गाडीत अडतीस टक्के. मी काय केलं? प्लग रुमालात गुंडाळून उपटला, चार्जर डिकीत टाकला आणि जिन्यानं वर गेलो. लिफ्टनं नाही, आवाज होतो.

पाचला मामांनी पंप चालू केला. गुरुवार असून त्या दिवशी पाणी आलं होतं, नशीब बघ. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा. मोटर उचलेना. नुसती हुंऽऽ करत राहिली. तो आवाज तू झोपेतसुद्धा ओळखशील, मीही ओळखला. एका फेजचा फ्यूज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनावर कण्हत होती. खाली ओरडून "मामा, बंद करा" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. म्हणालो नाही, कारण मग विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? मामा टाकीकडं बघायला गेले होते. परत आले तोवर वार्निशचा वास वर माझ्यापर्यंत पोचला होता.

रिवाइंडिंगचं बिल नऊ हजार. पाच एचपीला नऊ हजार बरोबर आहे का, ते जाता जाता कळव. आणि हो, सिंगल फेज प्रिव्हेंटर, एक फेज गेली की मोटर बंद पाडतो तो, कुणीतरी केव्हाच बायपास करून ठेवला होता. तो असता तर मोटर वाचली असती. म्हणजे तसा दोष माझा निम्माच. हे वाक्य मी गेले सहा दिवस अंघोळ करताना, दाढी करताना स्वतःला ऐकवतोय. तुला ऐकवून बघितलं. लिहिल्यावर आणखीनच घाण दिसतंय.

कमिटीनं चौकशी केली. मामांच्या केबिनमध्ये चहाची शेगडी सापडली. स्प्रिंगची. तुटलेली, पिळा मारून जोडलेली. खटला तिथंच संपला. पगारातून महिना दीड हजार कापायचे, सहा महिने. मामा खाली मान घालून उभे होते. मी तिथंच होतो रे, चेअरमनकाकांच्या शेजारी. मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चुकलं साहेब."

माझं नाव घेतलं नाही.

आता कळलं, हे हिला न सांगता तुला का लिहितोय? सांगलीतली विश्रामबागेची खोली, घरमालक नानांचा मीटर बोर्ड. आपण दोघं ते कधी बोललो नाही. गोट्या आणि मास्तर बसलेले असताना किती वेळा नानांची नक्कल झाली, पण त्या रात्रीवर कुणी आलं की तू पाणी आणायला उठायचास. फ्यूजला जाड तार मी घातली होती. शेगडी माझी. नाना वर आले तेव्हा तू म्हणालास, "मी घातली." परीक्षेला बारा दिवस होते. तू ट्रंक घेऊन आत्याबाईंकडं गेलास, रोज मिरजेहून सायकल मारलीस, गणिताचा एम-टू पेपर राहिला तुझा त्या वर्षी. माझा निघाला.

तू का म्हणालास तसं? बत्तीस वर्षांत विचारलं नाही, आताही उत्तर मागत नाही. मागतोय बहुतेक.

परवा मी मामांना बाजूला घेऊन तीन हजार दिले. बाकीचे दर महिन्याला देईन म्हणालो. त्यांनी घेतले, खिशात ठेवले, काही बोलले नाहीत. वाटलं, मिटलं. पण काल संध्याकाळी माझी गाडी वळणावर दिसली आणि मामा धावत येऊन गेट उघडून उभे राहिले. सलाम केला. तीन वर्षांत असं कधी केलं नव्हतं. गेट मी स्वतः उघडायचो, ते खुर्चीतूनच "आलात का" म्हणायचे. मला त्या सलामाचं काय करावं कळत नाही.

आणि रविवारी सर्वपित्री, त्याच दिवशी वार्षिक सर्वसाधारण सभा. महिनाअखेरच्या आत उरकायची असते, तर यांना नेमका हाच मुहूर्त मिळाला. अजेंडा आलाय. विषय क्रमांक ६: पाण्याची मोटर जळाल्याबाबत खर्चास मंजुरी व वसुली. विषय क्रमांक ७: सी विंग पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वायर ओढण्यास ना हरकत. सहा आधी, सात नंतर. सहाला उठून बोललो तर सातला कोण हात वर करणार? चेअरमनकाकांना व्हिडिओ दाखवायचीही गरज नाही, भिंतीवरचा डागच पुरे. गप्प बसलो तर या वेळी एनओसी मिळेलसं वाटतंय, बी विंगच्या दोघांनी गाड्या बुक केल्यात, मतं आहेत. मला माझ्याच मीटरवरून, स्वतःच्या पैशानं, चोरी न करता वीज घ्यायचा हक्क मिळेल. तो मिळवायला आधी ही चोरी पचवायची.

तू म्हणशील, विकून टाक धूड आणि सीएनजी घे. नाही विकणार. गाडी झकास आहे रे. गेल्या महिन्यात मुंबईला गेलो, एक्सप्रेसवेला विजेच्या गाड्यांना टोल माफ झालाय. घाट उतरताना ब्रेकला पाय नाही, खंडाळ्याला एक्केचाळीस टक्के होते ते खाली खोपोलीला त्रेचाळीस. तुला सांगितलं तर म्हणाला असतास, म्हणजे उतारावर पेट्रोल परत टाकीत जातं? जातं. हसू नकोस. मोटरचा जनरेटर होतो, हे तू मला शिकवलंस, नानांच्या टेबलफॅनवर.

बाकी वहिनींचं डोळ्याचं झालं ना? मनूचं कोल्हापूरचं स्थळ काय झालं? दुकानाची नवी पाटी मास्तरनं फोटोत दाखवली, 'ळ' उलटा आहे, पेंटरचे पैसे दिले नसशील तर कापून घे. दिवाळीत येतो म्हणालो होतो, येतो.

आणि हो, त्या दिवशी शेवटी स्वारगेटहून एसटीनं गेलो साताऱ्याला. अण्णांनी वरून बघितलं असेल तर खूश झाले असतील, त्यांना मी एसटीतच बरा वाटायचो.

ऐंशी टक्के झाले. पुढं हा चार्जरही रेंगाळतो आणि मागं टॅक्सीवाला येऊन उभा आहे, दोनदा काचेवर टकटक करून गेला. त्याचं बरोबर आहे, ऐंशीला उठावं अशी इथली रीत. पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टानं टाकतो, शुक्रवारपर्यंत मिळावं.

सभा दहाला आहे. साडेनऊला फोन करीन, उचल.

तुझा,
सुऱ्या