कार्ड एक, खिसे दोन

महोदय,

‘वन नेशन, वन कार्ड’ म्हणत मार्च २०१९ मध्ये नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचा, म्हणजे देशभर मेट्रो-बसला चालेल अशा एकाच कार्डाचा, अहमदाबादेत गाजावाजा झाला. आज मुंबईत मेट्रोच्या फाटकापाशी जरा उभं राहून बघा, जो तो मोबाइल पुढे करतो; कार्डवाला विरळाच. यूपीआय आल्यावर कार्ड हवं कुणाला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. संध्याकाळच्या गर्दीत क्यूआर तिकीट शोधणारा, स्क्रीनचा उजेड वाढवणारा एकजण पुढे असला की मागची रांग तुंबते. कार्डाला रेंजही लागत नाही, कारण पैसे चिपमध्येच असतात.

गोची नेमकी तिथेच आहे. या कार्डाला दोन खिसे. ॲपवरून भरलेले पैसे आधी बँकेकडे जमा होतात. ते चिपमध्ये उतरवायला स्टेशनातल्या मशीनवर किंवा खिडकीवर कार्ड पुन्हा टेकवावं लागतं. आईच्या कार्डात मी घरून पाचशे रुपये भरले, पैसे जमा झाल्याचा मेसेजही आला, आणि फाटक काही उघडेना. खिडकीतल्या मुलीने कार्ड क्षणभर यंत्रावर ठेवलं तेव्हा कुठे काम झालं. “हे आधी सांगायला काय झालं होतं?” आईने विचारलं. माहितीपत्रकात होतं की! मुंगीच्या अक्षरात.

शिवाय मुंबईकराचा खरा प्रवास लोकलचा, आणि तिथे हे कार्ड चालतच नाही. स्टेशनातल्या तिकीट-यंत्राचं (एटीव्हीएम) कार्ड निराळं, पास कागदावर नाहीतर मोबाइलवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपने अकरा सेवांची तिकिटं एकत्र आणली खरी, पण त्यालाही स्मार्टफोन हवाच. हाँगकाँगमध्ये रेल्वे, बस आणि फेरीबोटीच्या कंपन्या एकत्र आल्या, १९९७ साली त्यांचं ऑक्टोपस हे प्रवासाचं कार्ड निघालं, म्हणून ते घरोघरी पोचलं. आपल्याकडे कार्ड काढलं बँकांनी आणि प्रवास राहिला दुसऱ्यांकडे.

कार्डासाठी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, लागते ही सबबही आता उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्येच ३,००० रुपयांपर्यंतची प्रवासी कार्डं त्याशिवाय द्यायला मुभा दिली आहे. मासिक पास नोंदवायची सोय या चिपमध्ये मुळातच आहे. लोकलला फाटकं नाहीत हे मान्य, पण टीसीच्या हातात कार्ड वाचणारं यंत्र देता येईल. रेल्वेने पासापासून सुरुवात करावी. तोवर मेट्रोने निदान प्रत्येक मशीनवर ठळक मराठीत पाटी लावावी: ‘ॲपवर पैसे भरले असल्यास आधी इथे कार्ड टेकवा.’

— एक प्रवासी, बोरिवली